ताईच्या हाताचा सेटअप

मी एक सेटअप बोलतोय. दचकू नका. मला चाकं नाहीत, पत्रा नाही, साधा हॉर्नसुद्धा नाही. संगणकावरच्या शर्यतीच्या खेळात जी गाडी धावते ना, तिच्या सस्पेन्शनचे आकडे म्हणजे मी. स्प्रिंग किती कडक ठेवायची, गाडी जमिनीपासून किती उचलायची, धक्का बसला की तिने किती लवकर सावरायचं, हे सगळं माझ्याकडे. गाडी जिंकली की टाळ्या चालवणाऱ्याला आणि भिंतीवर आदळली की शिव्या मला, हा आमच्या घराण्याचा रिवाजच आहे.

माझा जन्म गाद्यांच्या दुकानात नोकरी करणाऱ्या एका माणसाच्या खोलीत झाला. दिवसभर तो गिऱ्हाइकांना "जरा बसून तर बघा" म्हणत तळहाताने गाद्या दाबायचा आणि घरी आला की माझ्या स्प्रिंगा घेऊन बसायचा. गाडी चालवणं मात्र त्याला बापजन्मात जमलं नाही. पहिलं वळण आलं की स्वारी गवतात! चालवायची ती त्याची ताई.

ताई एका पार्लरमध्ये केस कापायची. बायका तिच्याच कात्रीसाठी ताटकळत बसत. पार्लरला सुट्टी असली की ती भावाकडे यायची, डोक्याला हेडफोन लावायची आणि स्टिअरिंग हातात घ्यायची. त्या हेडफोनच्या माइकमधूनच मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं.

"कशी वाटतेय?" भाऊ शेजारच्या स्टुलावरून विचारायचा.

"वळायला सांगितलं की रुसतेय. आणि कडेच्या पट्ट्यांवरून नेली की उचक्या देतेय बघ."

दुसरं कुणी असतं तर डोकं खाजवत बसलं असतं. भावाला सगळं कळायचं. रुसते म्हणजे पुढची स्प्रिंग मऊ करायची. उचक्या देते म्हणजे धक्के जिरवणारे डॅम्पर थोडे सैल सोडायचे. एका वेळी एकच बदल करायचा आणि ताईला विचारल्याशिवाय तोही नाही, असा त्यांचा नियम होता. असा विचारत विचारत मी घडलो. त्याने मला नाव दिलं 'ताई', आणि मीही मनोमन तिचाच झालो. खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यातले तेच सुखाचे दिवस.

मग ताईच्या मनगटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मनगट हलवत राहा म्हटल्यावर तिने स्वतःच्या घरीही एक जुनं स्टिअरिंग आणून टेबलाला बसवलं. हात बरा झाला आणि दोघांनी एका मोठ्या ऑनलाइन शर्यतीत नाव दिलं.

शर्यतीच्या सकाळी, ताई यायच्या आधी भावाने मला उघडलं. गाडीला एका कुशीवर कलू न देणारा एक दांडा असतो, अँटी-रोल बार म्हणतात त्याला. मागचा तो बार त्याने दोन आकडे कडक केला. आता गाडी जराशा इशाऱ्यावर वळणार होती, ताईच्या मनगटाला ओढ कमी बसणार होती. सगळा काळजीपोटी केलेला उद्योग. पण विचारलं असतं तर ताई फिस्कारली असती, "मला आजारी समजू नकोस!" म्हणून त्याने विचारलंच नाही.

उताराच्या डाव्या वळणावर गाडीची मागची बाजू सुटली. ताईने सावरायला घेतली, पण कडक बारमुळे गाडी तिच्या सवयीपेक्षा लवकर फिरली होती. गोल गिरकी आणि थेट भिंत.

मग ताई म्हणाली, "हात गेला रे माझा. पूर्वी गाडी सुटणार हे मला आधीच कळायचं."

भावाने बारचं काही सांगितलं नाही. मी आतून ओरडत होतो, अरे सांग, आत्ता सांग! पण आकड्यांना कुठला कंठ. उद्या सांगू असं त्याने ठरवलं असणार, आणि एकदा उद्यावर गेलेलं बोलणं दिवसेंदिवस अवघड होत जातं.

ताईने यायचं बंद केलं. घरचं स्टिअरिंग खोक्यात भरून माळ्यावर टाकलं. इतकंच असतं तर सोसलं असतं, पण तिने पार्लरमध्ये कात्रीही खाली ठेवली आणि गल्ल्यापाशी बसून फोन घेऊ लागली. हाताचा भरवसा नाही, कुणाचा कान कापला तर, म्हणे.

भाऊ रोज जेवण झालं की मला उघडायचा. चालवायचा नाही, बदलायचा नाही, त्या बारच्या आकड्याकडे नुसता बघत बसायचा. शेजारचं स्टूल रिकामं, खुर्ची रिकामी; तो उभाच असायचा. मला वाटे, याने मला एकदाचं पुसून टाकावं, पण असं बघू नये. तसा वर्षभर मी पडून होतो.

शेवटी एकदा त्याला धीर झाला. त्याने माझी नक्कल ताईला पाठवली आणि सोबत लिहिलं, "ताई, मागचा बार बघ. तो मी वाढवला होता. चूक तुझ्या हाताची नव्हती."

अशा रीतीने मी ताईच्या घरी आलो. तिने स्टिअरिंग माळ्यावरून काढलं, आधी मला होतो तसंच चालवलं आणि गाडी त्याच वळणावर फिरली. मग बार जागेवर आणला. गाडी त्या उतारावरून अशी गेली की बस्स! ताई कितीतरी फेऱ्या मारत राहिली.

"हात गेला म्हणून मी कात्री ठेवली," ती हेडफोन काढता काढता म्हणाली, "आणि हा शहाणा तोंड शिवून बसला!" त्यानंतर ती हसली की रडली, मला नीट कळलं नाही. दुसऱ्या दिवशी माइकजवळ कात्रीचा आवाज आला. ती हवेतच चालवून बघत होती. आता ती पुन्हा केस कापते.

मीही आता बरोबर आहे. ताई मला जवळजवळ रोज चालवते, पण एकटीच. फेरी संपली की थांबते आणि हळूच म्हणते, "आज नाही रुसली." तिकडून "कशी वाटतेय?" विचारणारं कुणी नसतं. तिने भावाला अजून उत्तर दिलेलं नाही. आणि तिकडे त्याच्या खोलीतही मीच आहे, मूळचा, तोच चुकीचा आकडा घेऊन, आणि तो माझ्यासमोर उभा असणार.

ताई, तुझा राग खरा आहे. वर्षभराचा आहे, एवढ्यात जाणार नाही. रागव त्याच्यावर, चांगली खरडपट्टी काढ. पण माझ्यापुढे नको गं. फोन लावून रागव.