दोन घंट्या आणि अर्धा फेरा

हॅलो. मित्रांनो, ऐकू येतंय ना? नसेल येत तर आधीच सांगा. अर्धवट ऐकलेल्या गोष्टींची मला फार भीती वाटते.

मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, जड, आणि तोंडावर एकही आकडा नसलेला. आकडे नाहीत, कारण मला एकाच ठिकाणी बोलता येतं. माझी तार या नाक्याच्या भिंतीतून निघते, नदीच्या तळातून जाते आणि पलीकडच्या देशाच्या नाक्यावर माझ्यासारख्याच एका काळ्या टेलिफोनला मिळते. सध्या मी टेबलावर नाही, टेबलाखाली आहे. छताची माती पडते आहे. म्हणून भराभर सांगतो.

पहिली घंटी

कारखान्यात एका कारागीर बाईंनी माझ्या पोटात घंटी बसवली, कान लावून वाजवून पाहिली आणि म्हणाल्या, "हा मेलेल्यालाही उठवील."

दोन्ही देशांचं मागचं युद्ध तेव्हा नुकतंच संपलं होतं. माणसं इतकी दमली होती की चार दिवस शहाण्यासारखी वागली. त्यांनी ठरवलं, यापुढे बंदूक उचलण्याआधी टेलिफोन उचलायचा. तार जिवंत आहे हे कळावं म्हणून रोज सकाळी नऊला पलीकडून घंटी यायची आणि नदीचं पाणी किती चढलं, किती उतरलं ते एकमेकांना सांगायचं. नदीच्या मधोमध वाळूचं बेट आहे. त्यावर पाणी मोजायची लोखंडी पट्टी रोवलेली होती. पट्टी दोघांची होती. बेट कुणाचं, ते ठरवायचं राहून गेलं.

अकरा वर्षं मला ताईंनी उचललं. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना ताईच म्हणत. तिकडे एक खोकणारे गृहस्थ होते. ताई त्यांना 'पलीकडचे' म्हणत आणि ते ताईंना 'पलीकडच्या बाई'. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही.

"पाणी कसं आहे, पलीकडच्या बाई?"

"ओलं आहे. तुमच्याकडे?"

"आमच्याकडेही ओलंच निघालं."

हा विनोद अकरा वर्षं टिकला. तपासणीला येणारे अधिकारी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, हा आहे म्हणून आपण निवांत आहोत. मी फुगायचो, खोटं कशाला बोलू?

मग एक सवय लागली. पाणी कालच्याइतकंच असलं की पलीकडचे दोनदा घंटी वाजवून ठेवून द्यायचे. दोन घंट्या आणि शांतता, म्हणजे सगळं ठीक. ताईंना हातातलं काम टाकून उठावं लागत नसे, पलीकडच्यांना खोकला आवरून बोलावं लागत नसे. ही सवय कुठल्याही कागदावर नव्हती. सुखाच्या दिवसांत कोण कागद करतं?

दुसरी घंटी

पुढे पाऊस कमी झाला. नदी आटली आणि बेट मोठं दिसू लागलं. एरवी ज्यावर बगळेसुद्धा नाइलाजाने बसत, ते बेट दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांत मातृभूमीचा तुकडा झालं. मागच्या युद्धात हरलेल्यांना ते हरणं आठवलं आणि जिंकलेल्यांना आपण पुरेसं जिंकलो नाही असं वाटू लागलं. दोघांच्या पाठीशी दोन मोठे देश उभे राहिले. कोंबड्यांची झुंज लावणाऱ्यांना चोच कुठे लागते? पलीकडे दहा तोफा आल्या, तेव्हा आमच्याकडे वीस आणल्या. भीती वाटते म्हणून तोफ, आणि समोर तोफ दिसते म्हणून आणखी भीती. साहेब हे सगळं माझ्या शेजारी बसून लिहून घेत. माझी घंटी आतल्या आत गार पडत होती.

तोफा ओढणारे ट्रक नाक्याच्या भिंतीला खेटून जायचे. भिंत थरथरायची. तार जिथे भिंतीवरच्या माझ्या डबीत शिरते, तिथला एक स्क्रू रोज केसभर सैल होत होता. मध्येच खरखर यायची. ताईंनी मेकॅनिकसाठी तीनदा पत्र लिहिलं. उत्तर आलं, सगळे मेकॅनिक तोफांच्या कामावर आहेत.

त्याच ट्रकांमधून ताईंचा धाकटा भाऊ आला. जाड चष्मा आणि अंगावर मापापेक्षा मोठी वर्दी. किनाऱ्यावरच्या तुकडीत त्याची नेमणूक होती. रोज सकाळी तो ताईंच्या डब्यातलं खायला यायचा.

"शत्रूशी तुझं रोज गुलुगुलु चालतं," तो म्हणायचा. "आधी तुलाच पकडायला हवं."

"पकड हो. पण आधी जेवून घे."

एकदा घास हातात धरून तो म्हणाला, "ताई, मला रोज पोटात गोळा येतो. कुणाला सांगू नको." ताईंनी त्याला आणखी एक पोळी वाढली. मी मात्र हे ऐकलं आणि मला कळलं की असा गोळा फक्त माझ्याच पोटात नाही.

त्या दिवशी नऊला मी वाजलो. ताई भावाला वाढत होत्या. एक घंटी. दुसरी घंटी. मग शांतता. ताईंचा अर्धा उचललेला हात खाली आला. साहेबांनी दारातून विचारलं, काय निरोप?

"सगळं ठीक आहे, साहेब," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, ते ठीक नव्हतं. तिसरी घंटी भिंतीपर्यंत आली होती. मला ती डबीशी धडका मारताना जाणवत होती. पण टेलिफोनला हाक मारता येत नाही, त्याला फक्त वाजता येतं.

दुपारी बाराला पलीकडून एक होडी बेटाकडे निघाली. तीन माणसं आणि आडवी धरलेली एक लांब लोखंडी नळी. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. सकाळी 'ठीक आहे' म्हणतात आणि दुपारी बंदूक घेऊन येतात, असं ते दोनदा म्हणाले. मग त्यांनी हुकूम दिला. होडीवर गोळ्या सुटल्या. भावाची तुकडी बेटावर धावली. पलीकडून तोफ

थांबा. माती पडली. ऐकू येतंय ना?

पलीकडून तोफ सुटली. तुकडी परत आली नाही. साहेब मागच्या ठाण्यावर गेले. ताईंना चला म्हणाले, पण त्या हलल्या नाहीत. नऊ वाजले की माझ्याकडे बघत बसायच्या आणि मी मुका. असे एकोणीस दिवस.

पुढे तुमच्या पुस्तकात प्रश्न येईल : या युद्धाची कारणे लिहा. तुम्ही बेट लिहाल, जुना अपमान, तोफांची चढाओढ, मोठे मित्र आणि वर्तमानपत्रं लिहाल. सगळं खरं आहे, पूर्ण गुण मिळतील. माझं नाव त्यात नसेल. याचं मला बरं वाटावं की भीती, ते कळत नाही.

तिसरी घंटी

काल गोळे जवळ पडले तेव्हा ताई मला कवटाळून टेबलाखाली शिरल्या. गाल भिंतीला टेकला आणि त्यांना डबीतला स्क्रू दिसला. थोडासाच सैल होता, पण तारेला टेकत नव्हता. त्यांनी कात्रीच्या टोकाने तो पिळला. अर्धा फेरा. मित्रांनो, अर्ध्या फेऱ्याचं काम होतं.

आज नऊला घंटी वाजली. एक. दोन. ताईंनी हात पुढे केला. तीन.

आधी नुसता खोकला आला. मग आवाज : "एकोणीस दिवस वाजवतोय, बाई. त्या दिवशी सांगायचं होतं, पट्टी वाकली आहे, आमची माणसं नवीन रोवायला येतायत, दचकू नका. ती नळी पट्टीच्या खांबाची होती."

ताईंनी मला कानाशी आणखी दाबलं. तेच पुढे म्हणाले, "बेटावरून आणलेला एक पोरगा आहे इथे. पायाला लागलंय, पण बोलतो. चष्मा फुटलाय. म्हणतो, ताईला सांगा, पोटातला गोळा अजून तसाच आहे."

तेवढ्यात गोळा पडला आणि आवाज गेला.

तार तुटली का, ते माहीत नाही. पलीकडचा नाका उभा आहे का, तेही माहीत नाही. ताई पुन्हा पुन्हा स्क्रू चाचपून बघतायत. तो घट्ट आहे.

मित्रांनो, तुमच्याकडे तोफ असेल तर ती पुसणारे पुष्कळ मिळतील. तुम्ही तारेकडे बघा. सैल स्क्रू दिसला तर उद्यावर टाकू नका. आणि घंटी दोनदा वाजून थांबली, तर ठीक असेल म्हणू नका. उठा, उचला, विचारा.

उद्या नऊ वाजायला अजून खूप अवकाश आहे. ताईंचा हात आत्तापासून माझ्यावर आहे.