क्रोशाचं कव्हर

अठ्ठ्याण्णव साली आमच्या गाझियाबादच्या नव्या फ्लॅटवर येणारा प्रत्येक जण आपल्या नव्या पेंटियम कॉम्प्युटरच्या बढाया मारायचा. माझ्याकडे ऑफिसच्या लिलावात घेतलेला जुना फोर-एटी-सिक्स. एका रविवारी चिडून मी तो उघडला, मदरबोर्डवरचा वेग ठरवणारा जंपर हलवला आणि सहासष्ट मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ऐंशीवर नेला.

दहा मिनिटांत कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच.

"तुझ्या या कव्हरमुळे तापतोय तो!" मी बायकोवर खेकसलो. धूळ बसू नये म्हणून मीनाक्षीनं तीन महिने खपून ते क्रोशानं विणलं होतं.

"अहो, इतके दिवस याच कव्हरात अगदी ठीक चालत होता."

मी कात्री घेतली आणि तिच्यासमोर कव्हराचे तुकडे केले. कॉम्प्युटर पुन्हा उघडून एका तुकड्यानं आतली धूळ पुसायला गेलो, तर प्रोसेसरवरच्या पंख्याची वायर लोंबकळत होती. जंपर हलवताना मीच ती काढली होती.

मी गुपचूप वायर लावली. कॉम्प्युटर दोन तास नीट चालला. मग मीनाक्षीला हाक मारली.

"बघ, कव्हर काढल्यावर चालला की नाही?"

"चुकलंच माझं," ती म्हणाली आणि जमिनीवरचे तुकडे गोळा करू लागली.

"असू दे," मी म्हणालो. "पुढच्या वेळी लक्षात ठेव."