सरांच्या मागे बसणारी

"हे मशीनच येडं झालं," माइकवाला बादल दीपाच्या कानाशीच कुरकुरला. "सरांचा माइक वाढवला का नुस्ती खरखर. तुमचा वाढवला का सर कसे गोड वाजवतेत!"

दीपाने व्हायोलिनच्या पेटीत डोकं घातलं, जसं तिथे काहीतरी हरवलंय.

राळेगावचा कार्यक्रम नुकताच संपून सगळे मंचामागच्या खोलीत आले होते. शिष्याने गुरूच्या मागे बसायचं, त्यांनी दम घेतला की तेवढी जागा सुरांनी भरायची, ते परत आले की गप्प व्हायचं, ही रीत. व्हायोलिनवादक इंद्रजित सरांच्या मागे दीपा लहानपणापासून अशीच बसत आली होती. दोन वर्षांपूर्वी मारेगावला जलद तानेत सरांचं बोट अडखळलं. दीपाने तान पुरी केली. टाळ्या सरांना पडल्या, आणि दीपाबाईंना वाटलं, केवढी सेवा केली आपण! पुढच्या खेपेला थोडं जास्त भरलं. मग गप्प व्हायचंच राहून गेलं. टाळ्या वाजत असताना ती डोळे मिटायची आणि घटकाभर त्या आपल्याच समजायची. घरी गेल्यावर मात्र ताट तसंच बाजूला सारायची. तेव्हाच बोलली असती, तर सरांचा हात वेळेवर डॉक्टरला तरी दाखवला असता.

तेवढ्यात आयोजक गुलाबसिंग आत आले. "सर, मजा आणली! रविवारी यवतमाळले तुमचा कार्यक्रम ठेवून राह्यलो. पण एकट्याचा बरं! मांगं कोणी नाही. लोकाइले फक्त तुम्हीच पाह्यजे."

सरांच्या बायकोने, विमलताईंनी घाईघाईने त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. "थंडीनं बोटं आखडतेत यायचे."

"तारा बी जुन्या झाल्या," दीपा म्हणाली.

"अन् माइक बी," बादलने भर घातली.

"तारा बदलू, माइक नवा आणू. हो म्हना, सर!"

बोललं तर आत्ता सरांची अब्रू जाणार. नाही बोललं तर रविवारी, भरल्या सभागृहात.

"सर, मी..." ती म्हणाली. "मी चहा सांगून येऊ का?"

"चहा कायले? बस," सर म्हणाले.

ती सवयीने त्यांच्या मागे जाऊन बसली.

"मांगं नाही. समोर ये."

दीपा समोर आली. मान काही वर होईना.

"गुलाबसिंग, एकट्याचाच ठेवा कार्यक्रम. पण हिचा ठेवा," सर म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "काहून वो पोरी, मले का ऐकू येत नाही? मीही गंमत पाहात बसलो, टाळ्या गोड लागत होत्या. पण तू मारेगावलेच बोलली असती, तं तवाच तुह्या मांगं बसलो असतो मी."

"अवो, थंडीनंच होते ते," विमलताई शाल सारखी करू लागल्या. "शेक देला का..."

"थंडी नाही वो, विमल. माहा हात गेला."