पिवळीची बोळवण

माझा चुलतभाऊ सुदर्शन याला देवाने बागायत दिली, दोन मजली बंगला दिला, फक्त गप्प बसायची बुद्धी द्यायची राहिली. खुटबावच्या ज्या घरात त्याने पोरगी द्यायचं ठरवलं त्यांच्या अंगणात कारंजं होतं. ते बघून आल्यापासून याच्या पोटात दुखायला लागलं. आपल्याही घरात पाण्याचं काहीतरी पाहिजे. त्याच सुमारास नगर रोडवरचं एक हॉटेल बंद पडलं आणि तिथली माशाची काचेची टाकी विकायला निघाली. ती सुदर्शनने उचलली आणि माझ्या जीपमधून आमच्या गावी, निमोण्याला, आणली. मला विचारलं नाही, जीपला तर नाहीच नाही.

टाकीत एकच मासा होता. तळहाताएवढा, चपटा आणि हळद लावल्यासारखा पिवळाजर्द. शेपटीचा एक कोपरा फाटलेला. सुदर्शनच्या पोरीने, समृद्धीने, त्याचं नाव पिवळी ठेवलं. हा मासा समुद्रातला होता. म्हणजे त्याला विहिरीचं पाणी चालत नव्हतं, खारट करूनच द्यावं लागे, आणि मीठसुद्धा वाण्याकडचं नाही, खास पुण्याहून आणायचं. आणायचं कोणी? ज्याच्याकडे जीप आहे त्याने. समुद्र मी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता, पण गोण्या भरभरून तो निमोण्यात आणत होतो.

लग्नाची तारीख धरायला खुटबावचे पाहुणे आले. नवरदेव रोहन, त्याचे आईबाप आणि सगळ्यांच्या पुढे त्याची आजी भागुबाई. त्या घरात भागुबाईंच्या शब्दाबाहेर मांजरही जात नव्हतं. सुदर्शनने त्यांना नेमकं टाकीसमोर बसवलं. दोन दिवसांपासून पिवळी जरा सुस्त होती, दगडाला अंग घासत होती, पण याला पाहुण्यांच्या गडबडीत कुठलं दिसायला. भागुबाईंना दिसलं. चष्मा पुसून त्या काचेजवळ गेल्या. पिवळीच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे दाणे उठले होते.

भागुबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "ह्या घरात देवी आल्यात. त्या जाईस्तोवर हिथं हळद न्हाई आन् तळण न्हाई."

आता हळद आणि तळणाशिवाय लग्न कसं करायचं? सुदर्शनने हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. मासाच आहे, टाकून देतो, म्हणाला. भागुबाईंनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो आपल्याच घरात अंग चोरून उभा राहिला. देवी आलेलं लेकरू कोणी बाहेर टाकतं का, असं त्यांनी विचारलं. दुसऱ्याला देऊन टाकावा, तर देवी दुसऱ्याच्या घरी धाडल्याचं पाप. सगळ्या वाटा बंद करून म्हातारी आपल्या गाडीत जाऊन बसली.

मागे थांबून रोहनने समृद्धीला आणि मला खरी गोष्ट सांगितली. आजीची पहिली मुलगी शेवंता लहानपणी देवीच्या साथीत गेली. पोरगी अंगावर फोड घेऊन पडलेली आणि घरात दिराचं लग्न. सासऱ्यांनी हट्ट धरला म्हणून आजीला कढईपुढे बसावं लागलं, आणि पुऱ्या तळून उठली तेव्हा पोर गेलेली होती. तेव्हापासून आजीने कढईला हात लावला नाही. आजीला दुखवून मी बोहल्यावर चढणार नाही, असं रोहन म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला. पोरगा चांगला होता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर समृद्धीने दुसरा बघितला असता. ती त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शिरूरहून जनावरांच्या डॉक्टर करुणा ओव्हाळ यांना घेऊन आलो. बाई हुशार आणि रोखठोक. मासा आपण कधी तपासलेला नाही, हे त्यांनी दारातच सांगून टाकलं. मग शिरूरच्या सायबर कॅफेत बसून सगळं वाचून पुन्हा आल्या. ही देवी नाही, कातडीत शिरणारा जंतू आहे, म्हणाल्या. दाणे थोड्या दिवसांत आपोआप गळतील, पण कोणी नाचू नका. ते तळाशी पडून फुटतात, एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा अंगावर चढतात.

दाणे गळले आणि घर नाचलं. माझी बायको धुरपदा हिने खुटबावला निरोप धाडला, सुदर्शनने मांडववाल्याला बोलावलं, कढई घासली गेली. कढईत तेल पडायच्या आत पिवळीच्या अंगावर पहिल्याच्या चौपट दाणे उठले. खुटबावहून भागुबाईंचा निरोप आला की देवी कोपल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या की देवी कोपलेल्या नाहीत, तुम्हाला ऐकायला येत नाही.

मग बाईंनी उपचार हातात घेतला. पिवळीला टाकीतून काढून हवेच्या पंपासकट निळ्या पिंपात ठेवलं. जंतूंना अंगच मिळू नये म्हणून काचेची टाकी रिकामी चालू ठेवली. सुदर्शन पाहुण्यांना रिकामं पाणी दाखवत बसला. पिंपातलं मीठ समृद्धीने रोज थोडं थोडं कमी करायचं. कमी मिठात जंतू फुटून मरतो आणि मासा तग धरतो. मीठ मोजायचं यंत्र कोणाकडे असणार? मी डेअरीतून दुधाचा लॅक्टोमीटर आणला. समुद्राचं पाणी आमच्या म्हशीच्या दुधाहून जरा पातळ निघालं, म्हणजे डेअरीला जातं तेवढंच. बाईंनी आकडा नवावर आणून ठेवायला सांगितला. तसलं दूध डेअरीवाल्याने तोंडावर फेकलं असतं.

मीठ कमी करताहेत हे कानावर जाताच भागुबाई स्वतः खुटबावहून आल्या. देवी आलेल्याला अळणीच द्यायचं असतं, या डॉक्टरणीला कळतंय सगळं, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. डॉक्टरबाई लाल झाल्या. आपण म्हणतो ते वेगळं, हे त्यांनी परोपरीने सांगून बघितलं, पण म्हातारी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. शेवटी बाईंनी नाद सोडला.

त्यानंतर भागुबाई वरचेवर यायला लागल्या. पिंपाशेजारी पाट टाकून बसायच्या. समृद्धी पाणी बदलायची, त्या पिंपावर कडुलिंबाचा डहाळा धरायच्या. पाण्यात एक पान पडू द्यायचं नाही ही डॉक्टरबाईंची ताकीद मात्र पाळायच्या. पिवळीशी हळू आवाजात काहीबाही बोलायच्या. एकदा मी ऐकलं, त्या तिला विचारत होत्या, "लई खाजतंय का गं, बाय?" मला हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही.

पिवळीचं अंग स्वच्छ झालं आणि या वेळी स्वच्छच राहिलं. अजून काही आठवडे पिंपातच ठेवा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. भागुबाईंचंही समाधान झालं. देवीची रीतसर बोळवण करा, दहीभाताचा नैवेद्य दाखवा आणि मांडव घाला, असं सांगून त्या लग्नाच्या तयारीला खुटबावला गेल्या. समृद्धी खूप दिवसांनी गाणं गुणगुणली.

नैवेद्याचं काम धुरपदाने अंगावर घेतलं. आमच्याकडे बोळवणीचा पहिला घास आजारातून उठलेल्या माणसाच्या तोंडात घालतात. धुरपदाने तेच केलं. वाटीभर दहीभात कालवला, पिंपात सोडला आणि मनोभावे हात जोडले. समृद्धी ब्लाउजचं माप द्यायला तळेगावला गेली होती. ती परत आली तेव्हा पिंपातलं पाणी ताकासारखं झालं होतं आणि पिवळी वर तरंगत होती.

धुरपदाला मी काय बोलणार? ती माझ्याआधी रडायला लागली. सुदर्शनने मात्र डोकं चालवलं, आणि त्याने डोकं चालवलं की जीप माझी लागते. पिवळीला डाळिंबाच्या झाडाखाली पुरलं आणि मला पुण्याला पिटाळलं. तशीच पिवळी, तेवढीच मोठी, पाणी भरलेल्या पिशवीत मांडीवर घेऊन मी आलो. जीप चालवायला शेजारचा भैरू होता. पिंपात नवीन पाणी, नवीन मासा. कोणी तोंड उघडायचं नाही, अशी सुदर्शनने सगळ्यांना शपथ घातली.

हळदीच्या सकाळी खुटबावची माणसं आली. मांडवात आचाऱ्याने चूल पेटवली होती, कणकेच्या लाट्या तयार होत्या. भागुबाई कोणाशी न बोलता सरळ पिंपाकडे गेल्या. पाटावर बसल्या आणि बघत राहिल्या. खूप वेळ बघत राहिल्या. सुदर्शन घाम पुसत त्यांना सांगत होता की बघा कशी ठणठणीत आहे.

समृद्धी हिरव्या साडीत त्यांच्यासमोर येऊन खाली बसली.

"आजी," ती म्हणाली, "ही ती न्हाई, ही पुण्याहून आणलेली हाय. ती गेली. आमच्याच हातानं गेली, नैवेद्याचा दहीभात पिंपात सोडला."

सुदर्शनने कपाळावर हात मारला. धुरपदाने पदर तोंडात कोंबला. मोडलं, मी मनात म्हटलं. दाराशी रोहन उभा होता, तो जागचा हलला नाही.

"मला कवाच कळलं," भागुबाई म्हणाल्या. "तिचं शेपूट फाटलेलं व्हतं."

मग त्यांनी पाण्यात बोट बुडवलं. नवी पिवळी जवळ आली, बोटाला तोंड लावून बघून गेली.

"माझी शेवंता गेली तवा लोकांनी जेवणाच्या पंगती झोडल्या आन् समदी आपापल्या घरी गेली. कुणी इचारलंबी न्हाई. तुम्ही एका माशासाठी पार पुण्याला गेलात."

त्या समृद्धीच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. तिच्या गालावरचं पाणी त्यांनी आपल्या पदराने पुसलं आणि तिला धरूनच मांडवात गेल्या. आचाऱ्याला बाजूला व्हायला सांगितलं. तेल तापलं होतं. भागुबाईंनी एक लाटी उचलली, पुरी लाटली, आणि ती कढईत सोडली.

पुरी फुगली. पहिली पुरी कोणाला द्यायची, असं आचाऱ्याने विचारलं. पिंपात टाकू नका म्हणजे झालं, असं हळदीला आलेल्या डॉक्टरबाई मागून म्हणाल्या, आणि सगळ्यात आधी भागुबाई हसल्या.