बिनभिंतींचा दरवाजा

विषय : राहण्यास जागा मिळणेबाबत.
संदर्भ : प्रत्यक्ष उभा असलेला मी.

महोदय, वरील विषयास अनुसरून सादर करतो की, मी एक दरवाजा बोलतोय. लाकूड सागाचे, कडी पितळी, प्रकृती उत्तम. उजव्या बिजागरीतून थोडा आवाज येतो, पण या वयात तेवढे चालायचेच.

माझी उमेदीची वर्षे गृहनिर्माण कार्यालयात गेली. तिथे मी मुख्य अधिकाऱ्यांच्या खोलीला होतो. छातीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेले होते : 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' दरवाजाचे काम उघडण्याचे असते, असा लोकांचा एक समज आहे. कार्यालयातल्या दरवाजाला तो लागू नाही.

माणूस ओळखायला मला त्याचे तोंड पाहावे लागत नसे. कारकून एका बोटाने टकटक करी आणि आपणच दचके. बिल्डर टकटक करीतच नसे. आणि ज्यांना खरोखर घर हवे असे, त्यांची बोटे माझ्यापर्यंत कधी पोहोचलीच नाहीत. ती माणसे खालच्या खिडकीवरूनच 'उद्या या' ऐकून परत जात.

पुढे कार्यालयाचा कारभार पारदर्शक करण्याचे ठरले. म्हणजे काचेचे दरवाजे बसवण्यात आले. मला चौकटीसकट काढून जुन्या सामानाच्या बाजारात पाठवले. निरोप समारंभ झाला नाही.

बाजारात मी एका मोडक्या कपाटाला टेकून उभा होतो. गिऱ्हाईक येई, माप घेई आणि निघून जाई. नव्या घरांची दारे अरुंद झाली होती, माझ्या अंगाचा माणूस त्यांना नको होता. एके दिवशी एक बाई आली. हॉस्पिटलात फरशी पुसायचे काम करणारी, हातांना औषधाचा वास. मागे नवरा, हातगाडी घेऊन.

"चौकटीचं माप काय तुमच्या?" दुकानदाराने विचारले.

"चौकट नाही."

"बरं, भिंतीतली जागा केवढी आहे?"

"भिंत नाही."

दुकानदाराने चष्मा काढून पुसला. "मग दार कशाला हवंय, बाई?"

"नंबर टाकायला," ती म्हणाली.

मग सगळा उलगडा झाला. बंद पडलेल्या छापखान्याच्या भिंतीलगत, फुटपाथवर ताडपत्र्या बांधून काही कुटुंबे राहत होती. रस्ता रुंद व्हायचा होता. ज्यांच्या घराची मोजणी होईल त्यांना नव्या इमारतीत खोली, बाकीच्यांना ट्रकमध्ये घालून गावाबाहेरच्या माळावर. मोजणीवाले येऊन गेले. पलीकडच्या पत्र्याच्या घरांवर रंगाने नंबर टाकून ते ताडपत्र्यांसमोरून तसेच पुढे निघाले. बाईने त्यांना अडवले, तेव्हा साहेब म्हणाले, "नंबर दारावर टाकतात, बाई. तुम्हाला दार कुठंय?" दुसरी फेरी महिनाअखेरीस होती.

साहेब सहज बोलून गेले होते. बाईने मात्र ते मनावर घेतले.

तिला फुटपाथवर सगळे ताई म्हणत. हातगाडीवरून मी उतरलो तेव्हा ताईची सासू तांदूळ निवडत बसली होती. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

"छप्पर गळतंय, भिंतीचा पत्ता नाही, आणि सूनबाईंनी दार आणलंय! उद्या तिजोरी आण हो. चोरांची फार गैरसोय होते आपल्याकडे."

"आत्याबाई, हसा तुम्ही. नंबर लागला की तुम्हालाच पहिली आत पाठवते."

"आत कुठं गं? दाखव तरी आत कुठंय ते!"

शेजारी चाकूसुऱ्यांना धार लावणारा एक म्हातारा राहायचा. त्याने आणि ताईच्या नवऱ्याने खड्डे खणून माझी चौकट पुरली. डावीकडे मोकळे, उजवीकडे मोकळे, मध्ये मी. येणारेजाणारे थांबून हसत. एकाने तर माझ्यासमोर उभे राहून फोटो काढून घेतला. मीही सेवेतला जुना, अपमान गिळायची सवय होती.

पण माणसाची जात गमतीची आहे. चारआठ दिवसांत ती माणसे माझ्यातून ये-जा करू लागली. ताईचा नवरा कामावरून आला की चपला माझ्याबाहेर काढी. पोरे लपंडाव खेळताना मला कडी लावून सुरक्षित होत आणि राज्य घेतलेला पोरगा इमानदारीने बाहेरून धडका मारी. एकदा नवराबायकोचे कडाक्याचे भांडण झाले. ताईने मला धाडकन लावून घेतले. नवरा बाहेर उंबऱ्यावर हनुवटी हातात घेऊन बसून राहिला. दोन पावले बाजूला सरकला असता तर तो थेट चुलीपाशी पोहोचला असता. सरकला नाही. अखेर सासूच ओरडली, "अगं, उघड दार! माझा लेक बाहेर ताटकळलाय." आणि तीच म्हातारी पुढे येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसू लागली, "दार लावून घ्या, धूळ येते!"

मोजणीचे साहेब दुसऱ्या फेरीला आले ते भर दुपारी. बगलेत पिशवी, मागे रंगाचा डबा घेतलेला रंगारी. दार बंद होते. आत सगळी वस्ती श्वास रोखून बसलेली. साहेब तावातावाने चालत आले, मान वर केली, आणि माझ्या छातीवरची अक्षरे त्यांना दिसली.

मी त्यांना लगेच ओळखले. कार्यालयातला एका बोटाचा कारकून! अर्धे आयुष्य त्याने माझ्यासमोर घाम पुसण्यात घालवले होते. बढती मिळाली, केस पिकले, पण सवय कुठे जाते? त्याचे पाय आपोआप जुळले. कॉलर सरळ झाली. बोट वर आले.

टकटक.

"आत येऊ का, साहेब?"

 आतून ताईचा आवाज आला, "या."

साहेबांनी मला हळूच ढकलले, पाय पुसले, आत आले आणि सवयीने मला पाठीमागे लावूनही घेतले. समोर खुर्ची नव्हती, टेबल नव्हते. सासू होती, तांदळाचे सूप होते आणि डोळे वटारून बघणारी दहाबारा पोरे. साहेबांचा चेहरा उतरला.

बाजूच्या मोकळ्या जागेतून रंगारी डोकावला. "साहेब, मी इकडून येऊ का?"

"दारातून ये!" साहेब ओरडले.

रंगारी निमूटपणे वळसा घालून दारातून आला.

साहेबांनी घसा साफ केला. "हे बघा बाई, हा सगळा खेळ आहे. हे काही घर नाही."

"बरं," ताई म्हणाली. "मग तुम्ही आत्ता कुठून आलात?"

"कुठून म्हणजे? बाहेरून."

"बाहेरून कुठं आलात?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले.  माणूस कारकुनीत मुरलेला असला तरी खोटे लिहिणारा नव्हता.

"...आत," ते म्हणाले.

"परवानगी पण मागितलीत," धारवाला म्हणाला. "आम्ही सगळ्यांनी ऐकलं."

"आलाच आहात तर टेका जरा," सासू म्हणाली आणि तिने गोणपाट सरकवले.

साहेब टेकले. चहा झाला. मग ते म्हणाले, "ठीक आहे. दार आहे, नंबर टाकतो. पण एका दाराला एकच नंबर. कुणाच्या नावे टाकू?"

इथे मात्र कुणी हसले नाही. एक नंबर म्हणजे एक खोली. बाकीच्यांना ट्रक.

"ताईच्या नावे टाका," धारवाला सावकाश म्हणाला. "दार तिनं आणलंय."

ताईचा नवरा खाली बघत होता. सासूचे हात सुपात थांबले. ताईने एकवार म्हातारीकडे पाहिले, एकवार धारवाल्याकडे.

"साहेब, तुमच्या कार्यालयाला मुख्य दारं किती?"

"एक."

"आणि आत शाखा?"

साहेब उठले. त्यांच्या तोंडावर जे हसू आले, ते मी इतक्या वर्षांत कार्यालयात पाहिले नव्हते. रंगाऱ्याला म्हणाले, "एकशे बारा लिही. खाली क पासून सुरू कर. एकेका कुटुंबाला एकेक अक्षर."

रंगारी माझ्या अंगावर लिहू लागला. घ झाल्यावर थांबला. "साहेब, ङ घ्यायचा?"

"सोड. त्याला आजवर स्वतःचा एक शब्द मिळाला नाही, घर काय मिळणार?"

"घ्या हो साहेब त्यालाही," ताई म्हणाली. "बेघर कशाला ठेवता बिचाऱ्याला?"

ङ धारवाल्याच्या वाट्याला आला. तो आठवडाभर ते अक्षर काढायला शिकत होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सुरीला धार लावणे त्यापेक्षा सोपे.

त्यानंतर वरून तपासणी झाली, एकदा नव्हे, तीनदा. दर वेळी कुणीतरी यादी घेऊन आले, माझ्यावरचा नंबर यादीशी ताडून पाहिला आणि मान हलवून गेले. भिंतींसाठी यादीत रकानाच नव्हता, त्यामुळे भिंतींविषयी कुणी विचारले नाही. आणि एका सकाळी चाव्या आल्या. क पासून शेवटच्या अक्षरापर्यंत, सगळ्यांच्या. हातगाडीवर गाठोडी चढली. ट्रकही आला होता. तो रिकामा परत गेला.

खोलीतली हकिकत मला ताईच्या नवऱ्याने येऊन सांगितली. सासू आत गेली, चारही भिंतींना हात लावून आली, नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. मग बाहेर जाऊन दार लावून घेतले आणि टकटक केली. आतून ताईने विचारले, "कोण?" म्हातारी म्हणाली, "घराची मालकीण!" सगळा जिना हसला.

मला वर न्यायची ताईची फार इच्छा होती. खोलीला कार्यालयाने बसवलेले दार होते, फुंकर मारली तर हलेल असे. पण ती मला न्यायला आली त्याच दिवशी बस डेपोच्या मागे राहणारी काही माणसे तिची वाट पाहत उभी होती. त्यांच्यातल्या एका बाईने चाचरत विचारले, "ताई, ते दार... थोडे दिवस देता का?"

ताई माझ्याकडे बघत राहिली. माझी बिजागरी पदराने पुसली. नवऱ्याला म्हणाली, "गाडी फिरवा, डेपोकडे."

सध्या माझा मुक्काम डेपोच्या मागे आहे. माझ्यावरचे जुने नंबर घासून जागा मोकळी करण्यात आली आहे, छातीवरची जुनी सूचना मात्र सर्वानुमते ठेवलेली आहे. डावीकडे मोकळे, उजवीकडे मोकळे. येणारेजाणारे हसतात. हसू द्यावे. आपण कधी या बाजूला आलात, तर कृपया वळसा घालून आत येऊ नये. टकटक करावी. आत माणसे राहतात.

येथील कुटुंबांनी मोजणी करून मिळावी म्हणून कार्यालयात अर्ज दिलेला आहे. अर्ज पोहोचल्याची सही मिळाली आहे. अर्ज विचाराधीन आहे.