मर्वची शिट्टी

लुपेने मर्वला अख्खं भाजलेलं डुक्कर द्यायचं ठरवलं, तेव्हा तिचा नवरा फेकी एवढंच म्हणाला, "अगं, तो एकटा जीव. त्याचं करणार काय?"

"ते त्याचं तो बघेल. आभार काय अर्धे मानायचे असतात?"

फेकी डुक्कर ठरवायला निघाला. दोघं टोंगा बेटांवरून आलेली, तिथे आभार असेच मानतात.

ऑस्ट्रेलियातल्या रॉबिनव्हेलचा उन्हाळा म्हणजे छळ. द्राक्षांच्या शेडचा पत्रा असा तापतो, की खाली उभ्याने घड छाटून खोक्यांत भरणाऱ्या बायकांच्या घामाच्या धारा थांबत नाहीत. शेड क्लाइव्ह हॅटनची आणि मुकादम मर्व पेंगेली. मर्वच्या खिशात पितळी शिट्टी असायची. ती वाजली की बायकांनी कात्र्या खाली ठेवायच्या, सावलीत बसायचं, पाणी प्यायचं. ती सुट्टी कायद्याने ठरलेली होती, हॅटनची मेहेरबानी नव्हे.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी ट्रक दारात उभा होता आणि शिट्टी काही वाजेना. लुपेच्या शेजारची पोर चक्कर येऊन खोक्यांवर कोसळली, तरी वाजेना. शेवटी लुपेनेच कात्री आपटली. "बायांनो, बसा. पाणी प्या," ती म्हणाली, आणि सगळ्या बसल्या. संध्याकाळी हॅटनने तिला फाटकाशी गाठलं.

"उद्यापासून येऊ नकोस. इथे सुट्टी कधी द्यायची ते मी ठरवतो."

मर्व शेजारीच उभा होता, मान खाली घालून.

लुपेने सरकारी निरीक्षकाकडे तक्रार केली, आणि निरीक्षकाने हॅटनला कोर्टात खेचलं. हॅटन साळसूदपणे म्हणाला, बाई आपणहून काम सोडून गेली, सुट्ट्या तर आम्ही रोज देतो. शेडमधल्या बायकांनी तोंडं शिवून घेतली. त्यांच्या चुली हॅटनवर चालत होत्या. लुपेने त्यांना बोल लावला नाही. पण चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली, की हिच्या उद्धटपणामुळे उद्या आपल्या कुणालाच काम मिळायचं नाही. ते मात्र तिला फार लागलं. फाटकावरचं बोलणं ऐकलेला माणूस एकच होता, मर्व.

"तो कशाला येतोय?" फेकी म्हणाला. "हॅटनच्या शेडमध्ये म्हातारा झाला, दर शनिवारी क्लबाच्या हिरवळीवर त्याच्याबरोबर चेंडू घरंगळवत बोल्स खेळतो. तो हॅटनविरुद्ध बोलणार? विसर."

मर्व आला. मिल्डुराच्या कोर्टात, मयताला जाताना घालायचा तो काळा सूट घालून आला. हॅटनच्या वकिलाने विचारलं, "मालकावर तुमचा काही राग आहे?"

"नाही. क्लाइव्ह माझा दोस्त आहे. ट्रक भरेपर्यंत शिट्टी वाजवायची नाही, असं तो मला म्हणाला. मी वाजवली नाही. पोरगी पडली, शिट्टी माझ्या खिशातच होती, तरी वाजवली नाही. माझं काम लुपेने केलं. त्यासाठीच तिला काढलं. मी तिथेच उभा होतो."

न्यायाधीश बाईंनी कंपनीला दंड ठोठावला, आणि हॅटनलाही वेगळा, त्याच्या स्वतःच्या खिशातून भरायचा. त्यातला काही भाग लुपेला द्यायचा आणि निकाल शेडच्या जेवणघरात भिंतीवर लावायचा, हाही हुकूम झाला. "धंद्याचा खर्च समजून भरून टाकता येईल, असा दंड काय कामाचा?" बाई म्हणाल्या. "पुढच्या मालकाने असं करण्याआधी दहादा विचार केला पाहिजे. या बाईंनी जे केलं, तो त्यांचा हक्क होता." हक्क हा शब्द ऐकला आणि लुपेला रडू आवरेना. उद्धट नव्हती ती. भर कोर्टात तसं सांगितलं गेलं होतं.

मर्वचे आभार मानायचे राहिले, कारण मर्व सापडेल तर ना. कोर्टाच्या दारात तिने हात धरला तर "बरं बरं, ठीक आहे" करत गाडीत जाऊन बसला. एकदा दुकानात ती दिसल्यावर कुत्र्यांच्या खाण्याच्या फळ्यांआड शिरला. घरी कुत्रं नाही, मांजर नाही.

म्हणून मग डुक्कर. शनिवारी दुपारी ट्रेलरवर ते डुक्कर, सुरळी केलेली उंची चटई, मागच्या गाड्यांमध्ये चर्चची गाणारी मंडळी आणि शेडमधल्या बायका, अशी वरात मर्वच्या दारात थडकली. मर्वने दार उघडलं. पायात सपाता.

"घरी कसे? आज बोल्स नाही?" लुपेने विचारलं.

"आता नाही." तो सपातांकडे बघत म्हणाला. "माझ्याबरोबर कुणी खेळत नाही. शेडही सोडली. ते जाऊ दे. एवढं डुक्कर कोण खाणार?"

हे लुपेला ठाऊकच नव्हतं. पाठ करून आणलेलं लांबलचक भाषण तिने बाजूला ठेवलं.

"मर्व, तुम्ही माझं नाव मला परत दिलंत," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "त्यापायी तुमचं काय काय गेलं, ते मला आज कळतंय. मी मरेपर्यंत तुमची ऋणी आहे."

मंडळी गायली. हिरवळीवर चटई पसरली, मर्वला मधोमध बसवलं, पाठीचा सगळ्यात चांगला तुकडा त्याच्या पुढ्यात ठेवला. पाहुण्याचं होईस्तोवर वाढणाऱ्या बायका बसत नाहीत, ही टोंगाची रीत. त्यामुळे लुपे आणि शेडच्या बायका ताटं घेऊन उन्हात उभ्या राहिल्या. मर्व त्यांच्याकडे बघत राहिला. घासाला हात लावेना. मग उठला आणि घरात निघून गेला.

"झालं," फेकी पुटपुटला. "पळाला."

लुपेचं तोंड उतरलं. आपण म्हाताऱ्याला भलत्याच संकोचात टाकलं, असं तिला वाटलं.

मर्व परत आला, तो मुठीत काहीतरी घेऊन. पितळी शिट्टी. त्याने ती तोंडाला लावली आणि गल्ली दणाणेल अशी वाजवली. शेडच्या बायकांचे हात जागच्या जागी थांबले.

"सुट्टी," मर्व म्हणाला. "सगळ्यांनी बसा. सावलीत बसा. तू आधी, लुपे."

लुपेने ताट खाली ठेवलं आणि झाडाखाली बसली. तिच्या मागोमाग सगळ्या बसल्या. मग मर्वने पहिला घास घेतला.