बोंडूच्या गोळ्या

"तडफडतल्या जनावराक दाबून धरू नको, गो. त्येच्या वांगडा बसान रव."

वासराला आकडी आली होती तेव्हा बाबांनी, दत्तारामांनी, अपूर्वाला सांगितलेलं हे: नुसतं सोबत बसायचं. ती तेव्हा परकरातली पोर. आता ती अंधेरीच्या प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स होती, आणि हात पुढे गेला की तो आवाज आधी पुढे जाई.

आजही गेला. वाकोल्याच्या वनमालाकाकूंचा काजूच्या बोंडासारखा तांबूस कुत्रा, बोंडू, बाकाखालीच आडवा झाला. पाय हवेत पोहू लागले, तोंडाला फेस आला. काकूंनी पायातली चप्पल काढून थेट त्याच्या नाकाशी धरली.

"काकू, चप्पल पायात!" अपूर्वा म्हणाली. "त्याला वास नको, काळोख हवाय. आणि हात तोंडापासून लांब. शुद्धीत नाही तो, तुम्हाला ओळखायचा नाही."

तिनं दिवे मालवले, बाक सरकवला, डोक्याखाली टॉवेल सारला. भिंतीवरच्या घड्याळाकडे एक डोळा ठेवून मागच्या बाजूनं, गुदद्वारातून, फिट थांबवायचं औषध दिलं. मग ती नुसती जवळ बसली. भरती ओसरावी तसा थरकाप बोंडूच्या अंगातून उतरत गेला. अंग तापलं होतं, म्हणून तिनं पंजे ओल्या फडक्यानं पुसले.

"गेला काय गो?" काकूंचा आवाज फाटला.

"जातोय कुठं! दमलाय. आता उठेल, भिंतीला धडकेल आणि तुमच्याकडे परक्यासारखं बघेल. रडायचं नाही हं. येतो परत."

तसंच झालं. बोंडू उठला, कचऱ्याच्या डब्याला धडकला आणि त्याच्यावरच गुरगुरला. काकू डोळे पुसता पुसता हसल्या.

डॉक्टर गंधाली आत आल्या. "इतके महिने शांत होता ना? गोळ्या चालू आहेत?"

"देतंय ना. सकाळ-संध्याकाळ," काकू प्रश्न संपायच्या आत म्हणाल्या.

"तरी फिट आली, म्हणजे आता जोडीला दुसरं औषध लागेल. यकृताला जड जातं ते, पण इलाज नाही. आणते." डॉक्टर औषधाच्या खोलीकडे वळल्या.

अपूर्वानं ते घाईचं 'देतंय ना' ऐकलं होतं. कोकणातल्या बायका खरं सांगताना इतकी घाई करत नाहीत, आधी चार शिव्या तरी घालतात. ती काकूंच्या शेजारी टेकली.

"काकू, गोळ्या एकदम सुटल्या की अशीच फिट येते, कधी आधीपेक्षा मोठी. सुटल्या असतील तर त्याच परत सुरू करू, नवं जड औषध कशाला? इथं कोणी हसणार नाही. माझे बाबा म्हशीसाठीसुद्धा देवाला गाऱ्हाणं घालायचे."

बोंडू डुलत डुलत आला. त्यानं काकूंच्या पदराचा वास घेतला, पुन्हा घेतला, आणि ओळख पटल्यासारखी मान त्यांच्या मांडीवर टाकली. काकू त्याचा कान कुरवाळू लागल्या.

"डॉक्टरीणबायक थांबव, गो," त्या म्हणाल्या. "गावाक गेल्लंय तेव्हा देवीक कौल लावलंय. मूर्तीक लावलेली उजवी कळी पडली, म्हणजे देवीचो होकार, तशे गोळये बंद केलंय. बोंडू बरो झालो काय, इतक्याच विचारलंय मी. गोळयेंचा विचारूकच नाय."